एकोणीस सेकंदांची शांतता

स्वतःचा कान एक सांगतोय आणि शिकलासवरलेला माणूस दुसरंच सांगतोय, अशा वेळी विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बघू?

लगेच सांगू नका. मी लगेच सांगितलं होतं, आणि त्यापायी एक अख्खी दुपार उपाशी बसलो.

"…पण मास्तर, रेकॉर्ड देणार की नाही, एवढं तरी बोला!"

हा श्रीरंग आगाशे. पुण्याचा. पेपरात रेकॉर्डींवर लिहितो. घरात तीन हजार तबकड्या, दोन पुस्तकं छापलेली. हे तो तिसऱ्यांदा विचारत होता.

ज्यांना विचारत होता ते दस्तगीर मास्तर. जयसिंगपूरच्या बाहेर, उसाच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गोडाऊन. चाळीस वर्षं लग्नांना, उरुसांना, निवडणुकांना त्यांनी भोंगे लावले. शाळेत कधी शिकवलं नाही, पण आसपासच्या गावांत लाऊडस्पीकर लावणारा जो तो त्यांच्याच हाताखालून गेलेला, म्हणून मास्तर.

श्रीरंगही त्यातलाच. आजोळ जयसिंगपूरचं. कॉलेजात असताना दोन उन्हाळे त्यानं मास्तरांच्या वायरी उचलल्या. कान तिथं तयार झाला. पहिल्या पुस्तकात त्यानं तसं छापलंही आहे, "माझे पहिले गुरू" म्हणून. पुस्तक मास्तरांना पाठवलं होतं. मास्तरांनी ते जपूनही ठेवलं होतं… अ‍ॅम्प्लिफायरच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली.

श्रीरंगनं ते आल्या आल्या पाहिलं. दुपारभर त्याची नजर तिकडंच जात होती.

आणि मी जुन्या सामानाचा व्यापारी. पंखे, शिलाई मशिनं, रेडिओ, रेकॉर्डी. सातवीपर्यंत शाळा, पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. श्रीरंगला गोडाऊनचा रस्ता आठवेना, म्हणून त्याच्या गाडीपुढं माझी स्कूटर. दहा मिनिटांचं काम, घरी सांगून निघालो होतो, ताट वाढायला घ्या.

मास्तर वायर गुंडाळत होते. पंजा आणि कोपर यांच्यामध्ये, वेढ्यावर वेढा. वायर संपली की उलगडायची, पुन्हा गुंडाळायची. कुठं पीळ राहायला नको, एवढंच त्यांचं चाललेलं.

"घाई हाय का तुला?" मास्तर म्हणाले.

"सोमवारी छपाई आहे मास्तर! आज शुक्रवार!"

"मग हाय की वेळ."

श्रीरंगनं माझ्याकडं बघितलं. मी पत्र्याकडं बघितलं.

आता रेकॉर्डीचं सांगतो, म्हणजे भांडण कशाचं ते कळेल.

खडकीची चार पोरं होती. दिवसा कारखान्यात, संध्याकाळी एका मोटार गॅरेजात गिटार, ड्रम, ऑर्गन घेऊन रॉक वाजवायची. बँडचं नाव 'द टिन ट्रंक'. गिटारचं लाकूड म्हणे जुन्या कपाटाचं होतं. एकोणीसशे त्र्याहत्तर साली त्यांनी एकच रेकॉर्ड केली, 'रूम विदाउट अ फॅन'. कुणाचा तरी हॉल एका दुपारपुरता मिळाला होता, तेवढ्यात आठ गाणी उरकली. एकदा वाजवलं ते वाजवलं. दुसऱ्यांदा वाजवायला वेळ नाही.

ती रेकॉर्ड कुणी घेतली नाही. हिंदी गाण्यांच्या जमान्यात खडकीच्या पोरांचं इंग्रजी कोण ऐकणार? पोरं पांगली. राहिलेल्या प्रती गठ्ठ्यांनी बाजारात आल्या, त्यातला एक गठ्ठा माझ्याकडं. माझ्याकडनं एक प्रत मास्तरांकडं.

"नावाचा अर्थ काय?" मास्तरांनी तेव्हा विचारलं होतं.

"पंखा नसलेली खोली," मी कव्हरवरचं कुणाकडनं तरी वाचून घेतलेलं सांगितलं.

मास्तरांनी ती लावली. एक बाजू ऐकली, दुसरी ऐकली. म्हणाले, "उकाडा हाय खरा."

मास्तरांना इंग्रजी येत नाही. पण त्या दिवसापासून नवा भोंगा झाडावर चढला की पहिली रेकॉर्ड हीच. भोंगा तपासायला तुम्हाला हाडामासात मुरलेली रेकॉर्ड लागते. जरा कुठं आवाज वेगळा आला, की दोष भोंग्याचा हे पक्कं. शिरोळ तालुक्यात किती नवरदेवांच्या अंगाला हळद लागली असेल खडकीच्या गिटारवर, आणि एकालाही पत्ता नाही.

मग पन्नास वर्षांनी मुंबईच्या एका कंपनीला जाग आली. जुनं रॉक पुन्हा काढायचं ठरलं. श्रीरंगनं त्यांना ही रेकॉर्ड सुचवली, आणि हे त्याचं पुण्य, मी नाकारत नाही. कंपनीनं काम त्याच्यावरच टाकलं. कव्हरवरचा मजकूर त्याचा, कुठला आवाज ठेवायचा, कुठला काढायचा तेही त्याच्या शब्दावर. मूळ टेप कधीच गहाळ झालेली. त्याच्या प्रतीला शेवटच्या गाण्यात ओरखडा. मास्तरांच्या प्रतीला नाही.

म्हणून तो आलेला.

आणि मास्तर वायर गुंडाळत होते.

माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले, तसं मी म्हणालो, "मास्तर, द्या की. शिकलेला माणूस आहे. त्याला ह्यातलं कळतं."

हेच ते माझं लगेच दिलेलं उत्तर.

मास्तरांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मी त्यांना जोड उघडी पडलेली वायर विकलीय.

"काय लिहिलंयस ते वाच की," ते श्रीरंगला म्हणाले.

श्रीरंगचा चेहरा उजळला. त्यानं मोबाइल काढला, चष्मा सारखा केला.

"'शेवटच्या गाण्यात, ऐन रंगात, गिटारवादक सिरिल मोन्टेरो अचानक वादन थांबवतो. एकोणीस सेकंद काहीही नाही. आपल्याकडच्या रॉकमधला मौनाचा हा पहिला, धाडसी प्रयोग. श्रोत्याला स्वतःच्याच श्वासापाशी आणून सोडणारं हे शून्य…'"

"थांबवतो?" मास्तर म्हणाले.

"हो."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? ऐकू येतं की."

"काय ऐकू येतं?"

"काही नाही! तोच तर मुद्दा आहे, मास्तर!"

मास्तरांनी वायरीचा वेढा पुरा केला.

"त्याला इचारलंस?"

"सिरिल गेला. सात वर्षं झाली. बायको आहे, ऑलिव्हबाई. परवानगीच्या सहीसाठी गेलो होतो खडकीला."

"काय म्हणाल्या?"

"विशेष काही नाही." श्रीरंगनं हात झटकला. "घरात ती रेकॉर्ड त्यानं कधी लावूच दिली नाही म्हणे. त्यात मी बंद पडलोय म्हणायचा. बाकीचे तिघं पण त्याला 'बंद पडलेला सिरिल' म्हणून चिडवायचे. पुढे त्यानं गिटार देऊन टाकली. पुन्हा हातात धरली नाही."

"मग?"

"मग काय? मी बाईंना समजावून सांगितलं. म्हटलं, तुमचे मिस्टर बंद पडले नव्हते. त्यांनी मौन वाजवलं."

"पटलं त्यास्नी?"

"…चहा दिला त्यांनी."

मला हसू आलं, पण दाबलं. मला माझं घड्याळ आठवलं होतं.

एकदा माझ्याकडं भिंतीवरचं एक घड्याळ होतं, लंबकाचं, देखणं, पण बंद. सांगलीहून एक बंगलेवाले आले. बराच वेळ घड्याळापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "ह्याचा आवाज कसा येत नाही?" मी खरं बोलणारच होतो. तेवढ्यात तेच म्हणाले, "शांत मॉडेल दिसतंय. असली आता मिळत नाहीत." मी तोंड उघडलं होतं ते मिटून घेतलं. घड्याळ त्यांच्या दिवाणखान्यात अजून आहे. दरवर्षी दिवाळीला माझे आभार मानतात. दर दिवाळीला मी त्यांचा फराळ खाली मान घालून खातो.

पण हे मी तिथं बोललो नाही. श्रीरंगची गाडी आता कुठं वेगात आली होती.

"आणि इंजिनिअरला मी सांगून ठेवलंय, ते एकोणीस सेकंद एकदम स्वच्छ कर. खरखर, खुडबुड, बारीकसारीक जे काय आहे ते सगळं पूस. काचेसारखं मौन पाहिजे. आणि एकदा हे झालं की पुढं कायम हेच. जुन्या प्रती किती दिवस टिकणार?"

मास्तरांचा हात थांबला.

दुपारभरात पहिल्यांदा.

"पुसणार?"

"हो."

"…सगळं?"

"मास्तर, घाण आहे ती!"

मास्तर उठले. वायर खुंटीला अडकवली. कोपऱ्यातला मोठा भोंगा दोन्ही हातांनी उचलून श्रीरंगच्या पुढ्यात आणून ठेवला.

"लिंबावर चढव."

"आता?"

"शिडी मागं हाय."

"अहो, माझ्या गाडीत हेडफोन आहेत! जपानी! सुई पडली तरी ऐकू येते!"

"असू देत की. शिडी मागं हाय."

श्रीरंग माझ्याकडं वळला. "शेठ, तुम्ही तरी सांगा!"

मी काय सांगणार? मी भुकेनं अर्धा झालो होतो. म्हणालो, "चढा साहेब. लवकर चढलात तर लवकर उतराल."

पांढरे बूट, इस्त्रीची पँट, आणि खांद्यावर भोंगा. शिडीच्या दुसऱ्या पायरीवर तो म्हणाला, "ह्याला काही अर्थ आहे का?" चौथ्या पायरीवर म्हणाला, "पुण्यात लोक माझी अपॉइंटमेंट घेतात." सहाव्या पायरीवर त्याचा मोबाइल वाजला. मुंबईहून कंपनीचा माणूस. घ्यायला हात मोकळा नव्हता. वाजून वाजून बंद झाला.

पण भोंगा त्यानं बांधला मात्र नीट. दोरीची गाठ बघून मास्तर काही बोलले नाहीत. त्यांच्याकडं ही मोठी शाबासकी.

खाली आला तेव्हा शर्टावर लिंबाचा चीक, कपाळावर घाम.

मास्तरांनी रेकॉर्ड काढली. हाताच्या कडांनी धरली, फुंकर मारली, लावली. सुई शेवटच्या गाण्यावर नेमकी ठेवली, न बघता.

"काय ऐकू येतं ते सांग. लिहिलंयस ते न्हवं."

गाणं सुरू झालं. उसावरनं लांबवर गेलं. बांधावरची एक म्हैस वळून बघायला लागली.

"ड्रम," श्रीरंग म्हणाला. "बेस. ऑर्गन. गिटार. गातोय तो बेसवालाच, डेरिक."

"आणि?"

"आणि काय? संपला बँड. चौघंच होते."

मास्तरांनी सुई उचलली. पुन्हा सुरुवातीला ठेवली.

"आणि?"

"मास्तर, ह्या रेकॉर्डीवर मी अकरा पानं लिहिली आहेत!"

सुई उचलली. पुन्हा ठेवली.

"आणि?"

आता मात्र मला राहवेना. म्हणालो, "मास्तर, ते मागं घूं वाजतंय ते म्हणताय काय? पंख्याचं कॉइल गेलं की येतं तसं?"

मास्तरांनी माझ्याकडं बघितलंही नाही. श्रीरंगकडं बघत राहिले.

"ती होय!" श्रीरंग वैतागून म्हणाला. "ती सिरिलच्या अ‍ॅम्प्लिफायरची घुरघुर. स्वस्तातला होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत घुरघुरतोय. तो दोष आहे, तो पण काढायला सांगितलाय."

"हं. ती धरून ठेव कानात."

गाणं पुढं सरकलं. ड्रम थांबले, ऑर्गन थांबला, गाणाराही थांबला. एकटी गिटार उरली. मी रॉकमधला काही जाणकार नाही. पण ती गिटार जिना चढत होती एवढं मलाही कळलं. एक पायरी, एक पायरी…

टक्.

आणि काही नाही.

"हे!" श्रीरंगनं बोट वर केलं. "हेच ते! ऐका!"

"घुरघुर कुठं गेली?" मास्तर म्हणाले.

श्रीरंगचं बोट वरच राहिलं.

शांतता चालू होती. लिंबावर एक पान हललं तेही ऐकू आलं.

मग गिटार एकदम परत आली, आणि तिच्याबरोबर घुरघुरही.

मास्तरांनी सुई उचलली.

"प्रयोग करणारा गिटार थांबवंल," ते म्हणाले. "घुरघुर कशी थांबवंल?"

"त्यानं… बटण बंद केलं असेल."

"दोन्ही हात गिटारवर असताना?"

"पायानं."

पण एकदा वायरी उचललेला माणूस तो. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू चढत आलं, आणि ते त्याला आवडलेलं नव्हतं.

"…फेज गेला होता," तो म्हणाला.

मांडव घातलेल्या कुणालाही हे नवीन नाही. विजेच्या तीन फेजांपैकी एक जातो. नवरीवरचा दिवा विझतो, जेवणावळीतला चालू राहतो.

"हॉलमधला गेला," श्रीरंग स्वतःशीच म्हणाला. "टेपच्या मशिनचा राहिला. म्हणून मशीन फिरत राहिलं. गिटारचा आवाज मेला आणि…"

"हं."

"म्हणजे तो बंदच पडला होता!"

मास्तरांनी फडक्यानं सुई पुसली.

"म्हणजे बाई म्हणत होत्या ते खरं! मौन नाही, प्रयोग नाही, काही नाही! वीज गेली!" तो उठून येरझाऱ्या घालायला लागला. "मी मुंबईत दहा लोकांसमोर मौनावर बोललोय, मास्तर! टाळ्या पडल्यात!"

मला वाटलं, चला, कळलं बिचाऱ्याला. आता रेकॉर्ड घेईल, मी घरी जाईन.

कुठलं काय!

श्रीरंगनं मोबाइल काढला. "मग सरळ कापूनच टाकायला सांगतो. एकोणीस सेकंद बाहेर, अलीकडचं पलीकडचं जोडून द्यायचं. कुणाला कळणार पण नाही. दोष तो दोष." आणि नंबर लावायला लागला.

मी कपाळावर हात मारला. घटकेपूर्वी त्याच जागेला हा नमस्कार करत होता, आता तीच उकिरड्यावर फेकायला निघाला. आणि मास्तरांनी तरी सरळ सांगावं ना काय सांगायचंय ते! दोन वाक्यांचं काम! पण नाही. त्यांनी पुन्हा सुई ठेवली.

"फोन खाली ठेव."

"मास्तर, तुम्हीच तर म्हणालात…"

"मी काय म्हणालो?"

श्रीरंग आठवायला लागला. मीही. खरंच, मास्तर काही म्हणालेच नव्हते.

त्यानं फोन खाली ठेवला.

गिटार जिना चढायला लागली. एक पायरी. एक पायरी. मास्तरांची दोन बोटं आवाजाच्या बटणावर आली. आणखी एक पायरी…

टक्.

आणि मास्तरांनी बटण पुरं फिरवलं. शेवटपर्यंत.

भोंग्यातून तापल्या तेलासारखी खरखर फुटली. लिंबावरचे पक्षी उडाले. म्हैस बांधावरनं खाली उतरली. मी कानांवर हात ठेवून उठलो, कारण बटण शेवटाला असताना गिटार परत आली तर भोंग्याचं कॉइल जळून खाक. आवाजाच्या धंद्यातला माणूस हे कधी करत नाही.

"मास्तर!" श्रीरंग ओरडला.

मास्तरांनी दुसरा हात वर केला. ऐक.

खरखर… खरखर… आणि तिच्या आत…

टिण्.

टिण्. टिण्-टिण्.

बारीक. कोरडं. पत्र्याच्या डब्यावर कुणी तांदळाचे दाणे टाकावेत तसं. पण चढत होतं. एक पायरी, एक पायरी, तोच जिना. आणि त्याच्याही मागं एका माणसाचं तोंडातल्या तोंडात मोजणं, "वन, टू, थ्री… वन, टू…"

भोंग्याला खालचा आवाज नीट येत नाही, वरचाही नाही. मधला तेवढा येतो. ती मेलेली गिटार नेमकी तिथं होती. विजेशिवाय. नुसत्या तारा. पलीकडं ड्रमपुढं ठेवलेल्या माइकानं त्या उचलल्या होत्या, आणि पन्नास वर्षं त्या खरखरीच्या खाली पडून होत्या.

श्रीरंगचं तोंड उघडंच होतं.

मास्तरांची बोटं बटणावर उलटी फिरली. पुरतं फिरवून होतं न होतं, तेवढ्यात गिटार परत आली. पहिल्या पायरीपासून नाही. जिथं असायला हवी होती तिथून, जिन्याच्या मधल्या पायरीवरून, आणि बाकीचे तिघं तिच्यावर येऊन पडले, एका ठेक्यात.

कॉइलला काही झालं नाही. मास्तरांच्या बोटांना ते एकोणीस सेकंद पाठ होते.

तेव्हा मला एक गोष्ट उमगली. दर लग्नात हळदीच्या आधी भोंग्यातून ही खरखर एकदा उसळायची, मग खाली जायची. आम्ही म्हणायचो, मास्तर भोंग्याचा घसा साफ करतायत.

सुई गाण्याच्या शेवटाला गेली आणि तिथंच घासत राहिली. कुणी उचलली नाही.

"तो वाजवत होता," श्रीरंग म्हणाला.

मास्तरांनी अ‍ॅम्प्लिफायर बंद केला.

"आवाज येत नव्हता तरी वाजवत होता. त्याला स्वतःलाही धड ऐकू येत नसणार. बाकीचे मोजत होते… आणि त्याला आयुष्यभर वाटलं की आपण…" तो थांबला. "आणि मी ते पुसायला सांगितलं होतं."

मोबाइल वाजला. मुंबई. ह्या वेळी श्रीरंगनं उचलला. "नाही," तो म्हणाला. "काहीही पुसायचं नाही. घुरघुर पण नाही. हात लावू नका. हो, एकोणीसच्या एकोणीस राहू द्यात. हो, खरखरीसकट! अहो, मी सांगतोय ना!" आणि ठेवून दिला.

मला त्या क्षणी तो फार आवडला. खोटं कशाला बोलू?

पण तो क्षण काही टिकला नाही.

"मास्तर," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पुन्हा ती चमक आली, "हा शोध आहे! पन्नास वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही! मी ह्याच्यावर पुरा लेख लिहितो. नाही, पुस्तकच. 'विजेशिवाय एकोणीस सेकंद.' कव्हरवर सुरुवातच अशी करतो, की 'ह्या रेकॉर्डीचा अभ्यास करताना मला प्रथमच असं आढळलं की…'"

अरे देवा, मी मनात म्हटलं. हा माणूस जिना चढला की जिन्याचाच मालक होतो.

मास्तरांनी सुई उचलली. रेकॉर्ड काढली. कडांनी धरली, फुंकर मारली, कव्हरात सरकवली. मग ती श्रीरंगच्या हातात ठेवली. इतका वेळ जिच्यासाठी डोकं फोडलं, ती अशी सहज.

श्रीरंगनं ती दोन्ही हातांनी घेतली. कव्हर उलटसुलट करून बघितलं.

"मग… काय लिहू, मास्तर?"

मास्तर खुंटीवरची वायर काढत होते. पाठमोरेच म्हणाले,

"एकोणीसच्या एकोणीस त्याच्या नावावर मांड. तुझ्या नावावर चढलेत ते आधी खोड. आणि छापायच्या अगुदर हिशेब बाईस्नी दाखव, बरोबर हाय का म्हणून."